कार्बोरेटर ठेवू की एमपीएफआय (संगणकाने मोजून इंजेक्टरमधून पेट्रोल देणारी यंत्रणा) करू? ('९६ ची ८००, रोजचा वापर, मुक्काम कोथरूड, पुणे)

वनाजवाला
मंडळी, गाडी १९९६ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, एसी आहे. सासऱ्यांची. त्यांनी चालवणं सोडलं तेव्हा भंगारात द्यायला निघाले होते, मी म्हटलं राहू द्या, मी नेतो. आरसीचं नूतनीकरण झालंय, बॉडी ठणठणीत, खालून गंज नाही. रोज कोथरूड ते बाणेर, आणि अधूनमधून भोरला गावी.

त्रास असा. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू. दुपारी नळस्टॉपला एसी लावून उभा राहिलो की आरपीएम पडत पडत बंद. पेट्रोल भरायला थांबलो, पाच-दहा मिनिटं गाडी बंद होती, तर परत सुरू होताना रडते आणि पेट्रोलचा वास येतो. घाटात मध्येच एखादा गचका. ॲव्हरेजही उतरलंय.

एक गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, कार्बेटर संपला, आता ट्युनिंग करणारी माणसं राहिली नाहीत. एमपीएफआय ८०० चं इंजिन वायरिंगसकट टाकून देतो, कटकटच मिटेल." दुसरा म्हणतो नवा कार्बोरेटर टाका. दोघांनीही बॉनेट उघडून पाच मिनिटांच्या आत निदान केलं. घरून "तेवढ्या पैशात दुसरी गाडी येईल" अशी सूचना आलेली आहे, कृपया तिला इथे अनुमोदन देऊ नये.

खिडकीतून
खुर्ची टाकून बसलोय. सोलेक्सकाका येईपर्यंत चहा होईल.

ईसीयू एकलव्य
यात विचार काय करायचा? जगाने कार्बोरेटर कधीच सोडला. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून आपल्याकडे साध्या स्कूटरलाही इंजेक्शन आहे. एमपीएफआय टाका आणि मोकळे व्हा. चोक नाही, ट्युनिंग नाही, ॲव्हरेज वाढेल, पिकअप वाढेल.

सोलेक्सकाका
आलो. चहा इकडेही पाठवा.

वनाजवाले, तुमची तक्रार नीट वाचली. त्यात तीन वेगवेगळे आजार आहेत आणि दोन्ही गॅरेजवाल्यांनी तिघांना मिळून एकच नाव दिलंय. सुटे करू.

एक, एसी लावला की बंद पडणे. कंप्रेसर लागला की आयडलिंगवर ओझं येतं. ते पेलायला एसीवाल्या ८०० च्या कार्बोरेटरवर आयडल-अपची व्यवस्था असते. एक छोटा डायफ्रॅम, त्याला व्हॅक्यूमची बारीक रबरी नळी. एसी सुरू झाला की व्हॅक्यूम येतो, डायफ्रॅम दांडी ओढतो, थ्रॉटल किंचित उघडतो. इंजिन गरम असताना बॉनेट उघडा, कुणाला तरी आत बसवून एसी चालू-बंद करायला सांगा आणि दांडीकडे बघत राहा. हलली नाही तर नळी तडकलेली किंवा डायफ्रॅम फाटलेला. त्या नळीची किंमत इथे लिहायलाही लाज वाटेल.

दोन, गरम असताना सुरू न होणे आणि वास. इंजिन बंद केलं की पंखा नाही, वारा नाही, खालची सगळी धग वर चढते. फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या वाटीतलं, पेट्रोल उकळतं आणि जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी नळकांडं) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेत, गळतं. म्हणजे इंजिन आधीच भिजलेलं असतं, वर आपण घाबरून ॲक्सिलरेटर पंपासारखा मारतो, ॲक्सिलरेटर पंप प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल फेकतो. अशा वेळी पेडल एकदाच पूर्ण दाबून धरायचं, सोडायचं नाही, आणि सेल्फ मारायचा. लगेच घेते का बघा. घेतली तर कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधला जाड इन्सुलेटर शाबूत आहे का, फ्लोटची नीडल (वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) नीट बसते का, हे तपासा. मागे कुणीतरी इन्सुलेटर काढून नुसतं पॅकिंग लावून दिलेलं मी याच डोळ्यांनी पाहिलंय.

तीन, घाटातला गचका. याचा कार्बोरेटरशी संबंध असेलच असं नाही. पेट्रोल फिल्टर, टाकीतला गाळ, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप. हे सगळं आधी.

यातलं काही न बघता जो "कार्बेटर संपला" म्हणतो त्याच्याकडे परत जाऊ नका.

मिसळ_रिच
काकांना +१. अवांतर: कार्बोरेटर साफ करताना जेटमध्ये टाचणी घालणाऱ्या फिटरला सरळ घरी पाठवा. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की झालं.

लॅम्बडा
मी पोटापाण्यासाठी इंजिन कॅलिब्रेशन करते, म्हणजे रोजचा दिवस इंजेक्शनच्या नकाशांत, कधी किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्यांत, जातो. त्यामुळे मी इंजेक्शनची बाजू घेईन असं वाटत असेल. घेते, पण अर्धीच.

आधी इंजेक्शन काय करतं ते. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब सांगतो, त्यावरून आत किती हवा गेली ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या छोट्या संगणकाला, कळतं. पाण्याचं तापमान, थ्रॉटलची जागा, आरपीएम हे सगळं धरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा लॅम्बडा सेन्सर सांगतो की मिश्रण जास्त झालं की कमी, आणि ईसीयू पुढच्या क्षणी दुरुस्ती करतो. कार्बोरेटरला हे परत येऊन सांगणारं कुणी नसतं. तो बिचारा व्हेंच्युरी नावाच्या अरुंद गळ्यातून जाणाऱ्या हवेच्या ओढीवर पेट्रोल देतो, बस.

आता या धाग्यात अजून न आलेला मुद्दा: ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. '९६ साली ज्या जेटचं भोक ठरवलं ते इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी. तेच भोक, तीच हवा, पण आता इंधनाला हवा कमी लागते. म्हणजे तुमची गाडी मूळ हिशेबापेक्षा सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतेय. लीन चालली की आयडलिंग थरथरतं, पेडल दाबल्यावर क्षणभर अडखळते, इंजिन थोडं जास्त तापतं. लॅम्बडा असलेलं एमपीएफआय हे आपोआप भरून काढतं. कार्बोरेटरला जेट बदलावा लागतो.

ॲव्हरेज मात्र दोन्हीकडे पडणारच. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा आहे. ई२० ला तो फटका सहा-सात टक्क्यांचा. एकलव्य, "एमपीएफआय टाका, ॲव्हरेज वाढेल" यातून एवढं आधी वजा करा.

उरलेली अर्धी बाजू संध्याकाळी लिहिते, मीटिंग आहे.

सोलेक्सकाका
ताई, ई२० चं बरं काढलंत. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरच्या जेटवर जो आकडा असतो तो भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पेट्रोल पाच टक्के वाढवायचं तर क्षेत्रफळ पाच टक्के वाढवायचं, म्हणजे व्यास फक्त अडीच टक्के. शंभरचा जेट असेल तर एकशे अडीच. लोक एकदम एकशे दहा टाकतात आणि मग प्लग काळे पडले म्हणून कार्बोरेटरला शिव्या देतात.

आणि रबर. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. नाना पेठेत रिपेअर किट मिळतं, पण एकाच पाकिटासारखी दिसणारी तीन पाकिटं असतात. मी किट आणलं की त्यातला ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम आणि एखादा ओ-रिंग जॅमच्या रिकाम्या बाटलीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये बुडवून, झाकण घट्ट लावून, बाल्कनीच्या सावलीत ठेवतो. आठवड्याने बाहेर काढून दुसऱ्या नव्या ओ-रिंगशेजारी ठेवायचा. फुगून मोठा झालेला दिसला तर किट दुकानदाराला परत. सौ.ना हा प्रकार मान्य नाही, पण आमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी रस्त्यात थांबलेली त्यांना त्याहून मान्य नाही.

नियम क्रमांक एक
तांत्रिक मंडळींचं चालू द्या, कागदाचं मी सांगतो, थोडक्यात.

इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. आरसीवर जुना नंबर आणि बॉनेटखाली नवा, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. परवानगी आधी घ्यायची, काम नंतर. "सगळे करतात हो" हे उत्तर अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीला देऊन बघा. डोनर गाडीची, म्हणजे जिचं इंजिन काढलं तिची, कागदपत्रं, ती रीतसर रद्द झाल्याचा पुरावा, इंजिनाची पावती, हे हातात नसेल तर गॅरेजवाल्याला एक रुपया देऊ नये.

दुसरं, पीयूसी. मर्यादा गाडीच्या निर्मितीच्या काळावर ठरते. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्का आणि ७५०. तुमच्या '९६ च्या गाडीला पहिली मर्यादा. धड असलेला कार्बोरेटर त्यात सहज बसतो. केवळ पीयूसीसाठी इंजेक्शन करायची गरज नाही.

ईसीयू एकलव्य
इंजिन न बदलता करता येतं की. आहे त्याच इंजिनावर थ्रॉटल बॉडी, क्रँकला दातांचं चाक, आणि स्पीडुइनोसारखा ओपन सोर्स ईसीयू. लॅपटॉप लावा, मॅप बनवा. काका, तुमच्या पद्मिनीलाही बसेल.

सोलेक्सकाका
बसेल रे. पण का बसवू?

आमची '७४ ची. पन्नाशी ओलांडली, म्हणजे २०२१ च्या व्हिंटेज नियमात येते. व्हीए अक्षरांचा नंबर, नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं वैध. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. तुझं दातांचं चाक लावलं की मी रांगेतून बाहेर. शिवाय त्या नंबरावर रोजचं फिरणं चालत नाही, म्हणून अजून माझंच ठरत नाहीये, ते वेगळं.

आणि खरं सांगू का, पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला, यांत्रिक. उन्हाळ्यात कात्रजच्या जुन्या घाटात व्हेपर लॉक झाला, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ अडकली, की पंपावर ओला पंचा टाकायचा, डबा उघडायचा, थालीपीठ खायचं आणि निघायचं. लॅपटॉप कुठे ठेवू, थालीपिठावर?

ईसीयू एकलव्य
काका, तुमच्याकडे पंचा टाकायला वेळ आहे. वनाजवाल्याला साडेनऊला बाणेरला पोचायचंय.

खिडकीतून
हा षटकार होता.

सोलेक्सकाका
मान्य. चांगला मारला.

जिप्सीवाला भिडू
आमच्या कार्बोरेटर जिप्सीचं एमपीएफआय केलंय म्हणून अनुभव लिहितो. २००० नंतरची एमपीएफआय जिप्सी अपघातात गेलेली होती, तिचं सगळं घेतलं. सगळं म्हणजे सगळं: मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, डिस्ट्रिब्युटर, ईसीयू, टाकी पंपासकट, पाईप, पुढपासून मागपर्यंतची वायरिंग, सायलेन्सरचा लॅम्बडावाला तुकडा, रिले, अगदी वायरिंग पकडणाऱ्या क्लिपासुद्धा. कागद आरटीओत, संगम पुलाच्या फेऱ्या मारून, आधी केले.

फरक? जमीन-अस्मानाचा. थंडीत राजगडाच्या पायथ्याला रात्रभर उभी केली तरी सकाळी किल्ली फिरवली की सुरू. ताम्हिणीत पावसात काही कुरकुर नाही.

पण ओळखीच्या एकाची गाडी दुसऱ्या गॅरेजात झाली, तिकडे वायरिंग कापून जोडलेली. काळी टेप गुंडाळलेले सांधे, अर्थिंग एका रंगवलेल्या पत्र्याला. पहिला पाऊस पडला आणि चेक इंजिनचा दिवा दिवाळीपर्यंत विझला नाही. कधी सेन्सर बदल, कधी ईसीयू बदल. दोष होता अर्थिंगच्या एका वायरीत.

सल्ला एवढाच: अख्खी डोनर गाडी डोळ्यांसमोर उभी नसेल तर या फंदात पडू नका. "पार्ट जमवून करतो" म्हणणारा भेटला की नमस्कार करून निघा.

वनाजवाला
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

काकांनी सांगितलं तसं केलं. बायको आत बसून एसीचं बटण दाबत होती, मी मोबाईलचा टॉर्च घेऊन वाकलेलो. दांडी ढिम्म. नळी हाताने ओढली तर टोकाशी बिस्किटासारखी मोडली. नवी लावली, एसी लावल्यावर आता आरपीएम उलटा थोडा चढतो. नळस्टॉपला दोन्ही सिग्नल खाल्ले, बंद नाही पडली.

पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारायची युक्तीही चालते, पण वास आहेच. इन्सुलेटर जागेवर आहे. म्हणजे नीडल?

सोलेक्सकाका
नीडल आणि फ्लोटची उंची दोन्ही. किट आणणारच आहात तर एकदमच. आणि किल्ली चालू केल्यावर कार्बोरेटरच्या सोलेनॉइडचा "टक्" आवाज येतो का ऐका. तो किल्ली बंद झाल्यावर आयडलिंगचं पेट्रोल तोडतो. अडकला तर कधी किल्ली काढूनही इंजिन धडधडत राहतं, कधी आयडलिंगच धरत नाही.

लॅम्बडा
उरलेली अर्धी बाजू. उशीर झाला, मीटिंगची संध्याकाळ झाली.

इंजेक्शन ज्या गोष्टींवर उभं असतं त्या जुन्या गाडीत नेमक्या थकलेल्या असतात. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास. इंजेक्शनला तीन बारपर्यंत. म्हणजे दहा-बारापट. तीस वर्षांचा पाईप, जुन्या क्लिपा, पाव बारला जे जेमतेम पाझरतं ते तीन बारला फवारा मारतं, आणि तेही तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी. नळ्या इंजेक्शनच्या दाबाच्या आणि इथेनॉल सोसणाऱ्याच हव्यात, क्लिपाही त्याच जातीच्या.

मग टाकी. कार्बोरेटरच्या टाकीत पंप बसवायला भोक नसतं, म्हणून काहीजण बाहेर पंप लावतात. घाटाच्या वळणावर पेट्रोल एका कडेला गेलं की पंप हवा ओढतो. कार्बोरेटरला हे कळत नाही, फ्लोट चेंबरमध्ये घोटभर शिल्लक असते. इंजेक्शन त्याच क्षणी मिस मारतं. पाव टाकीवर भोरला जाताना वळणावळणाला हे भोगायचं नसेल तर टाकी एमपीएफआयचीच हवी.

बॅटरी अगदीच उतरली असताना ढकलून सुरू करायची सवय असेल तर तीही सोडावी लागेल. पंपाला, ईसीयूला, इंजेक्टरला व्होल्टेज लागतं. यांत्रिक पंपवाल्या गाडीला थोड्याशा ठिणगीवर भागतं.

आता एक गंमत, काकांसाठी. उंचीवर हवा विरळ होते आणि कार्बोरेटर रिच होतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त देतो. पुणे साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर १३७० च्या आसपास. तेवढ्या चढाने मिश्रण अंदाजे चार टक्के रिच होतं. म्हणजे ई२० ने जे लीन केलं त्यातलं अर्धं महाबळेश्वर परत देतं. तुमची गाडी वेण्णा लेकपाशी जास्त खुशीत चालत असेल तर ते नुसतं हवामान नाही.

सोलेक्सकाका
आता कळलं! मी इतकी वर्षं स्ट्रॉबेरीला श्रेय देत होतो.

ईसीयू एकलव्य
लॅम्बडाताई, म्हणजे तुमचं मत नेमकं काय? ठेवावा की काढावा?

लॅम्बडा
या गाडीपुरतं: ठेवावा. तिच्यात जे बिघडलंय ते इंजेक्शनने सुधारलं नसतं, फक्त नव्या इंजिनासोबत आलेल्या नव्या नळ्यांनी सुधारलं असतं, आणि श्रेय इंजेक्शनला गेलं असतं. घाटातला गचका टाकीतल्या गाळामुळे असेल तर तोच गाळ इंजेक्टरच्या बारीक भोकात जाऊन बसला असता.

रोज पन्नास-साठ किलोमीटर असते, किंवा गाडी दर आठवड्याला घाट चढत असती, आणि भिडूसारखी अख्खी डोनर हाताशी असती, तर मी नक्की काढा म्हटलं असतं. कोथरूड-बाणेरला नाही. त्यापेक्षा एमपीएफआय ८०० च शोधून घेतलेली बरी, कारखान्यातूनच तशी आलेली.

वनाजवाला
शेवटचं वाक्य घरी वाचून दाखवणार नाही.

नियम क्रमांक एक
आरटीओच्या दृष्टीनेही तेच सर्वात सोपं आहे, हे नमूद करून ठेवतो.

ईसीयू एकलव्य
मी अजूनही म्हणतो, कार्बोरेटर जाणणारी माणसं कमी होत चाललीत. काकांच्या नंतर कोण? पाच वर्षांनी वनाजवाला कुणाकडे जाणार? लॅपटॉपवाला निदान गल्लीगल्लीत आहे.

जिप्सीवाला भिडू
स्कॅनर गल्लीगल्लीत आहे. स्कॅनरवर आलेला कोड वाचून सेन्सर बदलण्याऐवजी वायर तपासणारा किती गल्ल्यांत आहे?

मिसळ_रिच
दोघंही बरोबर. म्हणून मी माझं स्वतः शिकलो. ८०० चा कार्बोरेटर टेबलावर वर्तमानपत्र पसरून खोलता येतो, फक्त प्रत्येक पायरीला फोटो काढा आणि ती बारकी स्टीलची गोळी घरंगळू देऊ नका.

सोलेक्सकाका
एकलव्या, तू रविवारी ये. वनाजवाल्याचा कार्बोरेटर तूच खोल, मी बाजूला बसतो. अंगठा मागणार नाही.

ईसीयू एकलव्य
येतो. मिश्रण मोजणारा वाइडबँड लॅम्बडा मीटर आणतो, सायलेन्सरच्या तोंडाशी लावून जेट बदलण्याआधी आणि नंतर बघू. निदान अंदाजाने एकशे दहा टाकणार नाही.

सोलेक्सकाका
हे बेस्ट. जेट दोन-तीन मापांचे लागतील. वनाजवाले, तुमच्या कार्बोरेटरवरचा आकडा आधी वाचा, तो मिकुनी कंपनीचा आहे, सोलेक्ससारखाच व्यासाचा आकडा असेल असं गृहीत धरू नका. जुना जेट सोबत घेऊनच दुकानात जा. नाना पेठेत नाही मिळाले तर रविवारी सकाळी आधी जुन्या बाजारात चक्कर मारू, पण तिथला जेट घेताना भोकातून उजेडाकडे बघून घ्यायचं, टाचणी फिरलेली ओळखू येते.

वनाजवाला
डन. फिल्टर काढला, त्यात तांबूस गाळ आहे, म्हणजे टाकीही उतरवावी लागणार. पेट्रोल नळीचं माप कुणी सांगेल का? आतला व्यास सहा मिलिमीटर की आठ?

मिसळ_रिच
टाकीकडून येणारी आणि परत जाणारी, दोन्ही नळ्या वेगळ्या मापाच्या असू शकतात. कापून तुकडे घेऊन जा, तोंडी माप सांगू नका.